कार्गो स्मोक डिटेक्शनचा रिग : वावरातल्या कोठ्यातल्या नोंदी

२७ ऑक्टोबर

रिगचा, म्हणजे विमानाच्या कार्गो कप्प्यातला धुराचा इशारा शिकवायच्या नमुन्याचा, सांगाडा उभा झाला. अँगलची फ्रेम, वरून आणि बाजूने पत्रा, आतून प्लायचं अस्तर. लांबी ८ फूट, रुंदी ५, उंची ४. विमानाच्या कार्गो कप्प्यापेक्षा लहानच आहे, पण आत हवा कशी फिरते आणि धूर कुठे जातो ते दाखवायला पुरेसा. हिंगणघाटच्या वेल्डिंगवाल्या मामांनी कालपर्यंत काम उरकून दिलं. जाताना विचारत होते, "हे विमानाचं आहे तं पंखं कुठं आहे रे बाप्पा?" त्यांना सांगितलं की मामा, हा विमानाच्या पोटातला कप्पा आहे, ज्यात माल जातो, आणि तिथे आग लागली तर पायलटला कसं कळते ते शिकवायला हे करून राहिलो.

कशासाठी करतोय ते एकदा लिहून ठेवतो. मी नागपूरला हँगरमध्ये एव्हिऑनिक्सवर, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर आहे. कार्गो स्मोक वॉर्निंगची तक्रार आली की बहुतेक वेळा काय होतं, डिटेक्टर काढा, नवा लावा, टेस्टचं बटण दाबा, दिवा बरोबर लागला, सही करा, विमान सोडा. आणि मग थोड्या दिवसांनी तेच विमान तीच तक्रार घेऊन परत येतं, आणि काढलेला डिटेक्टर शॉपमधून 'दोष आढळला नाही' म्हणून परत येतो. डिटेक्टर खोटं बोलत नाही, तो त्याच्यापर्यंत आलेली हवा बघतो. ती हवा कुठून आली, वाटेत तिचं काय झालं, तिथे माल कोणता होता, हे कुणी विचारतच नाही. आमच्या भागातली पोरं डिप्लोमा करून या लाईनमध्ये येऊन राहिली, त्यांना हे हाताने करून बघायला मिळालं पाहिजे, पीडीएफमधली आकृती पाहून हे येत नाही.

३ नोव्हेंबर

पाईपचं काम. विमानात दोन तऱ्हा असतात. एकीत डिटेक्टर छताच्या खोबणीतच बसवलेले असतात, हवा आपोआप त्यांच्यापर्यंत जाते. दुसरीत छताला बारीक भोकं असतात, त्यातून नळ्यांमधून पंखा हवा ओढतो आणि ती एका जागच्या डिटेक्टरातून पास होते. मी दुसरी घेतली कारण बिघाड शोधायला तिच्यात जास्त जागा आहेत, नळी चेपते, भोक बुजतं, जोड सुटतो, पंखा मंदावतो.

एक इंची सीपीव्हीसी पाईप, छताला चार भोकं, शेवटी डिटेक्टरची पेटी, तिच्यामागे ब्लोअर. पेटीत दोन ऑप्टिकल डिटेक्टर, त्यांना ए आणि बी म्हणतोय. दोघांनी धूर म्हटला तरच घंटा वाजणार. एअरबसच्या बऱ्याच विमानांत हेच लॉजिक आहे, एका खोबणीत दोन डिटेक्टर, दोन वेगळ्या लूपवर (वायरिंगच्या स्वतंत्र साखळ्यांवर), आणि त्यातला एक नापास झाला की उरलेल्या एकट्याच्या शब्दावर वॉर्निंग येते. आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर, एवढं सगळं बसलं.

भोकांचं गणित मात्र वेळ खाऊन गेलं. चारही भोकं एकाच मापाची पाडली तर पंख्याजवळचं भोक जवळपास सगळी हवा ओढतं आणि टोकाचं उपाशी राहतं. प्लास्टिकच्या पिशवीची पातळ पट्टी प्रत्येक भोकाखाली धरून बघत गेलो, टोकाकडे भोक मोठं मोठं करत नेलं, तेव्हा कुठे चारही पट्ट्या सारख्या वर ओढल्या जायला लागल्या.

५ नोव्हेंबर

लाईनचा त्रास. शेजारच्या वावरातला पंप सुरू झाला की व्होल्टेज पडते आणि कंट्रोलर रीसेट होतो, घंटा एकदा टिंग करून गप्प. विमानात ग्राउंड पॉवरवरून जनरेटरवर जाताना असाच क्षणभराचा झटका असतो, तो सहन करता आला पाहिजे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या, चार्जर कायम जोडलेला. विषय संपला.

१० नोव्हेंबर

पहिली धुराची चाचणी. त्याआधी कोठ्यातला कापूस आणि कुटार सगळं बाहेर काढलं, दारात वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक ठेवला, धाकट्या भावाला त्याच्याजवळच उभं केलं. याच्यात हयगय नाही, आपल्याकडे जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला लागलेली आग ज्याने पाहिली त्याला सांगावं लागत नाही.

धूर कशाचा करायचा, तर कापसाच्या वातींचा. इमारतींच्या डिटेक्टरसाठी युरोपचं ईएन ५४ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यातली टीएफ-३ नावाची चाचणी म्हणजे धुमसत्या कापसाच्या वातीच. घरचाच कापूस, आईने वळून दिला. विमानाच्या सर्टिफिकेशनमध्ये खरी आग लावत नाहीत, तिथे मशीनमधून कृत्रिम धूर सोडतात. पण शिकणाऱ्याला खरा धूर दिसला पाहिजे असं माझं मत आहे, कारण खरा धूर सरळ वर जात नाही, आधी रेंगाळतो.

नियम असा की कप्प्यात आग सुरू झाल्यापासून १ मिनिटाच्या आत कॉकपिटमध्ये इशारा दिसायलाच पाहिजे. अमेरिकेच्या विमान नियमांत, एफएआर २५.८५८ मध्ये, हे आहे, युरोपच्या सीएस-२५ नियमांतही तसंच. आणि हेही लिहिलेलं आहे की विमानाचा सांगाडा ज्या तापमानाला कमजोर होतो त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला आग पकडली गेली पाहिजे, आणि प्रत्येक डिटेक्टरचं सर्किट उडताना तपासता आलं पाहिजे.

वाती मधोमध ठेवल्या तेव्हा ४१ सेकंद. टोकाच्या कोपऱ्यात ठेवल्या तेव्हा ५४. जमलं. भाऊ म्हणे, "दादा, एवढ्याशा धुराले वाजते का हे?" वाजलंच पाहिजे, हाच धूर ३१ हजार फुटांवर असेल तर खाली उतरायला किती वेळ लागतो त्याचा हिशोब करून बघ म्हटलं.

१७ नोव्हेंबर

आता खरं काम सुरू झालं. रिग रात्रभर चालू ठेवला आणि आत खराखुरा माल भरला. कारंजा घाडगेहून मावसभावाने संत्र्याचे क्रेट पाठवले, अंबिया बहाराचा माल, ताजा तोडलेला, ओल सुटलेला. पहाटे पाचच्या सुमारास घंटा. बाबा कंदील घेऊन धावत गेले, धूर नाही, वास नाही, काही नाही. मला फोन केला, "काऊन वाजून राह्यलं रे हे? इथं तं काहीच नाही." दुसऱ्या पहाटे पुन्हा तीच वेळ.

मला मनापासून आनंद झाला, कारण विमानातला सगळ्यात जास्त भेटणारा दोष आपोआप समोर आला. खऱ्या आगीपेक्षा खोटे अलार्म कित्येक पटीने जास्त असतात, आणि त्यात ओलावा आणि धूळ ही दोन नावं कायम वर असतात. फुलं, भाजीपाला, फळं, जिवंत जनावरं, हे सगळे माल श्वास सोडतात, पाणी सोडतात.

ऑप्टिकल डिटेक्टर काय करतो ते इथे लिहून ठेवतो, पोरांना सांगायला लागेल. आत काळ्या रंगाची वळणावळणाची डबी असते, बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून. एका बाजूने इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला तिरपा बसवलेला फोटोडायोड (उजेड पडला की सिग्नल देणारा भाग), त्याला एलईडी थेट दिसत नाही. हवा स्वच्छ असली तर डायोडवर काहीच पडत नाही. धुराचे कण आले की उजेड त्यांच्यावर आपटून फाकतो आणि थोडा डायोडवर पडतो. आता पाण्याचे थेंब पण उजेड फाकवतातच, पहाटे धुक्यात गाडीचा हेडलाईट समोर पांढरा होतो तसंच. डिटेक्टरला तो धूरच वाटणार.

आणि दोघांनी होकार दिला तरच घंटा, हे लॉजिक इथे उपयोगी का पडलं नाही? कारण ए आणि बी एकच हवा पितात. हे लॉजिक एका डिटेक्टरचं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर वाचवतं. हवाच धुक्याची असेल तर दोघंही एकाच वेळी होकार देणार. "दोन्ही लूपने दाखवलं म्हणजे खरंच धूर असेल" असं समजणारे भरपूर भेटतात, आणि "दोन्ही एकदम कसे बिघडतील, वायरिंगच असेल" म्हणणारेही भेटतात. दोघांनीही हवेचा विचार केलेला नसतो.

१९ नोव्हेंबर

पेटीत आणि कप्प्यात तापमान-ओलावा मोजायचा डीएचटी-२२ सेन्सर लावला, दर मिनिटाला नोंद. भाऊ रोज सकाळी फोटो काढून पाठवतोय.

२२ नोव्हेंबर

नोंदींवरून चित्र स्पष्ट आहे. रात्री दहाला कप्प्यात ओलावा ७० टक्के, मध्यरात्रीनंतर ९० च्या वर. कप्पा संत्र्यांमुळे १७ अंशांवर टिकून राहतो, पण पेटी मी बाहेरच्या पत्र्यावर बसवली आहे आणि ती पहाटे ११ अंशांपर्यंत उतरते. कप्प्यातली ओली, जरा कोमट हवा त्या गार पेटीत शिरली की दव धरते. नळीला मधे झोळ पडलाय, तिथे तर पाणी साचलेलं सापडलं, पाईप काढून उलटा केला तर बोटभर निघालं.

विमानात हेच उलटसुलट घडतं. वर गार झालेलं विमान मुंबई-चेन्नईसारख्या दमट ठिकाणी उतरतं, दार उघडलं की ओली हवा गार भागांवर येते. किंवा ओला माल भरून वर चढताना दाब कमी होतो, हवा गार होते आणि कप्प्यात धुकं धरतं. म्हणून तक्रारीच्या नोंदीत मी सगळ्यात आधी काय बघतो, तर अलार्म केव्हा आला: चढताना, उतरताना, की मधेच. मग माल कोणता, कुठल्या जागेवर, शेवटचं स्टेशन कोणतं, तिथे पाऊस होता का. हे सगळं कळेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. दार उघडायच्या आधी माल कसा लागलाय त्याचा फोटो मिळाला तर सोनं. एकदा माल उतरवला की अर्धा पुरावा गेला.

२४ नोव्हेंबर

पेटी आत घेतली. नळीला फोमचं आवरण, एका बाजूला सलग उतार, सगळ्यात खालच्या जागी पाण्यासाठी छोटा सापळा आणि बारीक भोक. पेटीत एक रेझिस्टर तापत ठेवला, आतलं तापमान बाहेरपेक्षा चार-पाच अंश वर राहील एवढाच. संत्री तीच, रात्र तीच.

२६ नोव्हेंबर

पहाटे शांत. ओलावा ९४ टक्के होता तरी.

एक पर्याय मुद्दाम टाळला, तो म्हणजे संवेदनशीलता कमी करणं. आर्डुइनोत एक आकडा बदलला असता की पहाटेची घंटा बंद झाली असती, पण वातींच्या धुराची वेळ १ मिनिटाच्या पलीकडे गेली असती. खोटा अलार्म बंद करताना खराही मंद होत असेल तर तो इलाज नाही. नवीन डिटेक्टरांत दोन रंगांचा उजेड वापरतात, निळा आणि इन्फ्रारेड, धुराचे कण बारीक आणि धूळ-धुकं जाड असल्यामुळे दोन्ही उजेडांचं प्रमाण वेगळं येतं आणि त्यावरून भेद करता येतो. तो पुढचा टप्पा, सध्या माझ्या बजेटबाहेर.

१ डिसेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, पोरांनी हीच नीट वाचावी.

कापूस परत कोठ्यात आला, शेजारी सोयाबीनच्या कुटाराची गंजी पण लागली, आठवडाभर ब्लोअर चालूच. आज टेस्टचं बटण दाबलं: ए ठीक, बी ठीक, घंटा ठीक, लाल दिवा ठीक. मग माल हलवून टोकाच्या कोपऱ्यात वाती धुमसवल्या. १ मिनिट गेलं, काही नाही. २ मिनिटं १० सेकंदांनी घंटा वाजली.

शिडी लावून बघितलं तर टोकाची दोन्ही भोकं रुईच्या तंतूंनी आणि कुटाराच्या धुळीने अशी भरलेली की नखाने खरवडावी लागली. वर पांढरं, आत करडं, ओल लागून घट्ट झालेलं. आणि हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर काय म्हणत होता? तो पण ठीक, कारण जवळच्या दोन भोकांतून पुरेशी हवा येत होती, एकूण प्रवाह फारसा पडलाच नव्हता.

म्हणजे बटण काय तपासतं हे समजून घ्या. बटण डिटेक्टरच्या आतलं सर्किट, वायर, दिवा, घंटा तपासतं. धूर छतापासून डिटेक्टरपर्यंत पोचतो का, हे बटण तपासतच नाही. ते 'ठीक' खरं आहे, पण ते अर्ध्याच साखळीबद्दल बोलतं. खोट्या अलार्मने निदान घंटा वाजते, लोक वैतागतात, तक्रार लिहिली जाते. बुजलेलं भोक कुणालाच त्रास देत नाही, त्याची तक्रार लिहिलीच जात नाही, आणि जीव घेणारा दोष तोच आहे.

सेन्सरची मर्यादा आता कडक केली आणि शिवाय नियम केला की प्रत्येक भोकाखाली पट्टी धरून बघायची, सगळ्यात लांबच्या भोकापासून सुरुवात. विमानात पट्टी नाही चालणार, तिथे मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनेच नळी तपासायची आणि साफ करायची, पण ते काम टास्क कार्डवर (करायच्या कामाच्या कागदावर) आलं की बटण दाबून मोकळं व्हायचं नाही.

८ डिसेंबर

मालावर प्लास्टिक टाकलं तर काय होतं ते बघितलं. क्रेटच्या थप्पीवर पॉलिथिनची मोठी शीट, बाजूने दाबून, एअर कार्गोत पावसापासून झाकतात तशी. वाती शीटच्या आत. घंटा वाजायला ३ मिनिटांहून जास्त. रिगमध्ये काहीही बिघाड नाही, सगळं साफ, प्रवाह बरोबर. धूर आधी शीटखाली भरत राहिला आणि मग कडेने एकदम गचकन बाहेर आला.

संध्याकाळी यावर बराच वेळ विचार करत बसलो. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेलं यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान, फ्लाइट ६, मुख्य डेकवर लिथियम बॅटऱ्यांचा माल. उड्डाणानंतर साधारण २२ मिनिटांनी आगीचा इशारा आला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत विमान पडलं, दोघे पायलट गेले. कॉकपिट धुराने एवढं भरलं होतं की उपकरणं दिसत नव्हती. पुढच्याच वर्षी २८ जुलै २०११ ला एशियाना ९९१, तेही ७४७ मालवाहू, जेजू बेटाजवळ समुद्रात, तिथेही दोघे. या अपघातांनंतर अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने) सांगितलं की कंटेनरच्या आत आग लागली तर धूर बाहेर येऊन डिटेक्टरला दिसेपर्यंत आग फार मोठी झालेली असते, म्हणून मालवाहू विमानात आग दाबायची यंत्रणा हवी.

मालवाहू विमानाचा मुख्य डेक बहुधा क्लास ई असतो, म्हणजे तिथे डिटेक्टर पाहिजेत पण हॅलॉन वायूने आग विझवायची यंत्रणा असलीच पाहिजे असं नाही. हवा बंद करायची, दाब सोडून द्यायचा, ऑक्सिजन कमी करायचा आणि लवकरात लवकर उतरायचं. प्रवासी विमानाच्या पोटातला क्लास सी वेगळा, तिथे हॅलॉन १३०१ असतो. पूर्वी क्लास डी पण होता, त्यात डिटेक्टर नाही आणि हॅलॉनही नाही, कप्पा बंद आहे तर आग आपोआप गुदमरेल असा भरवसा. ११ मे १९९६ ला व्हॅल्यूजेट ५९२ च्या अशाच कप्प्यात ऑक्सिजन जनरेटर पेटले, ११० माणसं गेली, आणि मग १९९८ मध्ये नियम बदलून ते कप्पे बदलायला लावले. क्लास ई मध्ये डिटेक्टर हाच पहिला आणि बऱ्याचदा एकटा पहारेकरी, म्हणून त्याच्या नळीतल्या बोंडाएवढ्या रुईची मला एवढी काळजी वाटते.

१५ डिसेंबर

पोरं आली, वर्धा आणि समुद्रपूरकडची. आईने सगळ्यांना आधी पोहे दिले. एकाने विचारलं की आपल्या भागात कार्गो विमानाचं काय काम. त्याला नागपूरच्या रात्रीच्या टपालाचं सांगितलं: १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून रात्री विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल आणि पहाटेपर्यंत परत. देशाच्या मधोमध असल्याचा फायदा तेव्हाही होता. आणि आता विमानतळाजवळ मिहानला हँगर आहे, तिथे तुम्हीच येणार आहात.

मग दोष लावून ठेवलेला रिग त्यांच्या हवाली केला. मी आतल्या अस्तराच्या मागे नळी चिमट्याने चेपून ठेवली होती, आणि बी डिटेक्टरच्या कनेक्टरची एक पिन अर्धी मागे सरकवली होती, हलवलं की संपर्क जातो अशी. कागदावर तक्रार: 'उतरताना स्मोक वॉर्निंग, काही सेकंदांत आपोआप गेली. जमिनीवर टेस्ट ठीक.'

दोघा-तिघांनी लगेच डिटेक्टर बदलू म्हटलं. एका पोरीने विचारलं, "सर, माल काय होता?" सांगितलं, संत्री. मग तिने आधी पाण्याचा सापळा उघडला. तो कोरडा होता, म्हणून ती नळीच्या मागे लागली आणि पट्टी धरत धरत चेपलेल्या जागेपर्यंत आली. पिन मात्र कुणालाच सापडली नाही जोपर्यंत वायरिंगची दोरी धरून हलवायचं सांगितलं नाही. ती पिन बोटाने मागे-पुढे होते हे प्रत्येकाने हात लावून बघितलं, हे बरं झालं.

जेवणानंतर एकाने विचारलं की खोटा अलार्म आहे असं वाटलं तर पायलटने काय करायचं. त्यांना सौदियाच्या फ्लाइट १६३ चं सांगितलं, १९ ऑगस्ट १९८०, रियाध. ट्रायस्टार विमान, मागच्या कार्गोतून धुराचा इशारा आला आणि तो खरा की खोटा हे ठरवण्यातच क्रूची ४ मिनिटांहून जास्त गेली. विमान रियाधला परत उतरलं, धावपट्टीवरून वळून टॅक्सीवेवर जाऊन थांबलं, पण दारं वेळेत उघडली नाहीत आणि ३०१ च्या ३०१ माणसं गेली. त्यात चुका पुष्कळ होत्या, फक्त ती मिनिटंच कारण नव्हती. पण पायलटच्या मनात इशाऱ्याबद्दल शंका येते तेव्हा ती शंका बऱ्याचदा जमिनीवरच्या आपल्यासारख्यांनी तयार केलेली असते, 'दोष आढळला नाही' लिहून सोडलेल्या प्रत्येक अलार्मने ती वाढत जाते. पोरं गप्प ऐकत होती.

शेवटी लॉगबुकमध्ये नोंद लिहायला लावली. पहिल्यांदा लिहिलं, 'दोष दूर केला, टेस्ट ठीक.' ते खोडून पुन्हा लिहायला लावलं. मग त्यांनी जे लिहिलं ते इथे जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

'तिसऱ्या आणि चौथ्या भोकामधली नळी अस्तरामागे चेपलेली आढळली, बदलली. डिटेक्टर बी च्या कनेक्टरची पिन मागे सरकलेली आढळली, पुन्हा बसवली, ओढून खात्री केली. पाण्याचा सापळा कोरडा. चारही भोकांवर प्रवाह तपासला, सारखा. टोकाच्या कोपऱ्यात धुराची चाचणी घेतली, ५२ सेकंदांत इशारा. डिटेक्टर बदललेले नाहीत.'

२२ डिसेंबर

ब्लोअरच्या बेअरिंगचा आवाज येतोय, नागपूरहून नवा आणायचा. रुईसाठी भोकांवर जाळी लावावी का यावर भावाशी बोलणं झालं. तो लावू म्हणतो, माझं मत नाही, कारण जाळीच आधी भरेल आणि ती खालून साफ दिसत राहील. त्याऐवजी दर आठवड्याला ब्लोअरने उलटी हवा मारून बघू आणि प्रत्येक वेळी आधीची-नंतरची प्रवाहाची नोंद ठेवू. पुढची बॅच जानेवारीत संक्रांतीनंतर.